मुदतवाढीचा फर्मा

३० एप्रिल. मुख्य जुळाऱ्याच्या पगारातून २३६.४० कापले. कारण : शुद्धिपत्रकाचा कागद व शाई.

ही नोंद माझीच. सरकारी छापखान्यात मी तेव्हाही हिशेबनीस होतो, आजही आहे; पुढच्या वर्षी निवृत्त होईन. जुळाऱ्याच्या हातून चूक होऊन काही पुन्हा छापावे लागले, तर त्याचा खर्च त्याच्या पगारातून कापायचा, असा आमच्याकडे नियम होता. मामांच्या, म्हणजे या मुख्य जुळाऱ्याच्या, साऱ्या नोकरीत तो त्यांना एकदाच लागला. सही करताना त्यांनी आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "हे वरचे चाळीस कशाचे?"

"शाईचे."

"स्वस्त झाली म्हणायची शाई," असे म्हणून त्यांनी सही केली.

मामा खरे तर छापखान्यात कोणाचेच मामा नव्हते, पण साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. शिशाचे खिळे एकेक करून ओळीत जुळवायचे, ओळींचे पान करायचे, पान सुतळीने घट्ट बांधून यंत्रावर पाठवायचे, हे त्यांचे काम. खिळ्यांवरची अक्षरे उलटी असतात. ती वाचून वाचून मामांना कोणताही मजकूर कोणत्याही बाजूने वाचता यायचा. कँटीनमध्ये समोरचा माणूस वर्तमानपत्र वाचत असला, की हे चहा पिता पिता पलीकडून तेच पान वाचत आणि जरा वेळाने म्हणत, "झालं असेल तर उलटा आता." त्यामुळे त्यांच्या समोर बसायला कोणी राजी नसे. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या हातून चूक होत नसे. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत, पण दुसऱ्याची चूक सापडली की त्यांच्या भुवया अशा काही वर जात, की त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

आमच्या छापखान्यात राजपत्र निघत असे. सरकारने काहीही ठरवले तरी राजपत्रात छापून येईपर्यंत ते लागू होत नाही. आणीबाणीही तशीच. आमच्या सीमेपलीकडच्या दोन देशांत लढाई जुंपली. आपला देश त्यात नव्हता. पण ठिणगी इकडे पडू नये म्हणून सरकारने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. कायद्याने ती वर्षभरच चालायची. वर्ष संपण्याआधी मुदतवाढ छापली तर पुढे चालू, नाही छापली तर आपोआप बंद.

त्या दोन देशांपैकी एकात मामांची लेक दिली होती. जावई रेल्वेत होता. लग्नानंतर ती तिकडचीच नागरिक झाली होती, आणि आणीबाणीत लढणाऱ्या देशांच्या नागरिकांना आपल्या देशात यायला बंदी होती, तशी आपल्या लोकांना तिकडे जायलाही.

पहिली घोषणा मामांनीच जुळवली. पाच कलमे होती. त्यातले चौथे असे, की ज्या स्त्रिया जन्माने या देशाच्या असून विवाहामुळे तिकडच्या नागरिक झाल्या आहेत, त्यांना व त्यांच्या अज्ञान मुलांना आईवडिलांच्या हमीवर प्रवेश द्यावा. ते कलम जुळवून झाल्यावर मामा मला म्हणाले, "सरकारलाही लेकी असतात म्हणायच्या." पण त्या वर्षी लेक गरोदर होती. बाळंतपण तिकडेच झाले. मूल जरा मोठे होऊ दे, मग येते, असे तिने कळवले. दुसऱ्या वर्षी मुदतवाढ आली तेव्हा गृहखात्याच्या कारकुनाने कागदावर लिहून आणले : कलम चार वगळावे, तारीख बदलावी, बाकी मागीलप्रमाणे. मामांनी स्वतःच्या हाताने कलम चारच्या ओळी पानातून काढल्या आणि खिळे सोडवून आपापल्या खणांत टाकले.

जो मजकूर पुन्हा लागणार तो छापून झाल्यावर मोडायचा नाही, तसाच सुतळीने बांधून फळीवर ठेवायचा, ही छापखान्याची रीत. अशा बांधलेल्या पानाला आम्ही फर्मा म्हणतो. मुदतवाढीचा फर्मा खिडकीखालच्या फळीवर असे. दर वर्षी मामा तो उतरवत, सुतळी सोडत, वर्षाचा आकडा बदलत, पुन्हा बांधत. मजकूर कोणी वाचत नसे. मुद्रितशोधक वर्षाच्या आकड्यावर खूण करी आणि कागद पुढे सरकवी. यंत्रावरचा माणूस म्हणायचा, "मामा, या फर्म्याला आता पेन्शन लावा."

मामी मात्र दर वर्षी विचारत, "यंदा काय म्हणतंय सरकार?" आणि मामा दर वर्षी सांगत, "मागीलप्रमाणे."

पाचव्या वर्षी तहाची बोलणी सुरू झाली. पेपरात रोज दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचे हात मिळवलेले फोटो. आमच्याकडे अंदाजपत्रकाचे काम आले होते आणि खिळे कमी पडत होते. साहेब म्हणाले, "मामा, तो आणीबाणीचा फर्मा मोडा. एवढे खिळे उगीच अडकून पडलेत. आता काही ती वाढायची नाही."

एरवी फर्मा मोडायला सांगितला की मामा दहा कारणे काढायचे. त्या दिवशी एकही काढले नाही. दुपारभर ते खणांच्या चौकटीपुढे उभे राहून खिळे टाकत होते आणि शीळ घालत होते. मामा शीळ घालतात हे कोणाला ठाऊकच नव्हते. संध्याकाळी कँटीनमध्ये म्हणाले, "आज चहा माझ्याकडून."

"लॉटरी लागली काय?" यंत्रावरच्याने विचारले.

"छकू येणार."

घरी जाऊन त्यांनी मामींना जादाची गादी उन्हात घालायला सांगितली.

तहाची बोलणी फिसकटली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, जेवणाची सुटी संपता संपता, गृहखात्याचा कारकून स्कूटरवरून आला. हातात एक चिठ्ठी. तीत एवढेच : मागीलप्रमाणे. मुदत एक वर्ष वाढवावी.

साहेबांनी चिठ्ठी मामांच्या हातात दिली. "फर्मा मोडलाय नाही का आपण? मागचा अंक काढून देऊ का समोर ठेवायला?"

"कशाला?" मामा म्हणाले. "पाठ आहे."

ओव्हरटाइमच्या परवानगीवर सही घ्यायला मी तिथे उभा होतो. मामांचा हात खणांतून असा फिरत होता, की नजर जायच्या आत खिळा उचललेला असे. चेहरा मात्र पडलेला होता. संध्याकाळ व्हायच्या आत पान तयार झाले. मुद्रितशोधकाने वर्षाचा आकडा पाहिला, खूण केली, यंत्र सुरू झाले. आणीबाणी वाचली, आणि सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मामा अंक घेऊन माझ्या खोलीत आले. दार लोटून घेतले, खुर्चीवर बसले आणि अंक माझ्यापुढे ठेवला.

"हे वाचा."

मी वाचले. कलमे पाच होती.

"कलम चार काढलं होतं ना, मामा?"

"काढलं होतं. मीच काढलं होतं."

"मग हे?"

"हातानं घातलं." ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. "अहो, सबंध मजकूर मी एकदाच जुळवला होता, पहिल्या वर्षी. नंतर नुसता आकडा बदलत गेलो. हाताला पाठ आहे ते पहिल्या वर्षाचं. मी म्हटलं पाठ आहे, आणि हातानं त्याला जे पाठ होतं ते जुळवलं. मला कळलंसुद्धा नाही."

मामांच्या तोंडून स्वतःच्या चुकीची गोष्ट ऐकायची मला सवय नव्हती.

"साहेबांना सांगायला हवं," मी म्हणालो.

"सांगणार आहे. हिशेबनीस, सीमेवरच्या चौकीत काय बघतात? राजपत्रच ना?"

"तेच बघणार. दुसरं काय आहे त्यांच्याकडे?"

"म्हणजे आज छकू तिथे येऊन उभी राहिली, तर तिला आत घ्यावं लागेल. छापलंय म्हणजे कायदा आहे." त्यांनी अंकाची घडी घातली. "एकदा आत आली की कोणी तिला हुसकणार नाही. शनिवारी सांगतो मी साहेबांना. माझी नोकरी जाईल, नाही तर राहील. पण शनिवारी."

सुटी झाल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात गेलो. परदेशी फोन तिथूनच लागत. दुकानदार काउंटरवर मीटर बघत बसलेला असे, आणि आणीबाणीत पलीकडे जाणारे सगळे फोन सरकार ऐकते, अशी पाटीच भिंतीवर होती. लेक इतक्या मोठ्याने बोलायची, की शेजारी उभे राहून मला तिचे सगळे ऐकू येत होते.

"छकू, मी बाबा. कलम चार परत आलंय."

"काय सांगता? कोण म्हणालं?"

"म्हणेल कोण? मी छापलंय."

"अगं बाई. मग येतेच मी. आई कशी आहे?"

"बरी आहे. तू आजच नीघ."

"आज कशी निघू? यांना रजा काढायला हवी, मुलाचा कान दुखतोय दोन दिवस."

"कान इकडे दाखवू. नीघ."

"आणि बाबा, एवढ्या वर्षांनी रिकाम्या हातानं येऊ का? आईला एक शाल घ्यायचीय, बघून ठेवलीय मी. रविवारी निघते की सावकाश. ते कलम आता वर्षभर आहे ना?"

मामांनी दुकानदाराकडे पाहिले. मग पाटीकडे. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"आहे," ते म्हणाले. "पण लवकर ये."

"तुमचं आपलं काहीतरीच. शाळेत सोडतानासुद्धा असंच करायचात," ती हसून म्हणाली, आणि वेळ संपली.

बाहेर आल्यावर मी विचारले, "सांगितलं का नाहीत?"

"तो मीटर बघत बसलेला. वर ऐकणारे निराळेच."

तेही खरे होते. पण पुढचा चौक ओलांडल्यावर ते आपणहून म्हणाले, "आणि जमलं नाही. तोंडातून निघेचना."

शनिवारपर्यंत थांबावे लागले नाही. कलम छापून आले म्हणताच पलीकडच्या बायका पोरांना घेऊन चौकीवर येऊ लागल्या होत्या. काही आत आल्यासुद्धा. शुक्रवारी चौकीच्या अधिकाऱ्याने गृहखात्याला विचारले, की हमीपत्राचा नमुना अजून का आला नाही. खात्यात कोणाला काही माहीत नव्हते. त्यांनी राजपत्र उघडले, आणि मग आमच्या साहेबांचा फोन जो वाजायला लागला तो थांबेना.

साहेबांनी मामांना सगळ्यांसमोर झाडले. शुद्धिपत्रक दोन ओळींचे होते : दिनांक अमुकच्या अधिसूचनेतील कलम चार अनवधानाने छापले गेले असून ते वगळण्यात यावे.

"हे मात्र कागद समोर ठेवून जुळवा," साहेब म्हणाले. मामांनी कागद समोर ठेवला. शनिवारी सकाळी ते छापून बाहेर पडले.

तिथून मामा तडक फोनच्या दुकानात गेले. पलीकडे लेकीच्या शेजारणीने फोन घेतला. "ती पहाटेच निघाली. रविवारचं ठरलं होतं, पण म्हणाली, बाबांनी एवढं सांगितलंय तर एक दिवस आधीच जाते."

रविवारी सकाळच्या बसने आम्ही चौकीवर गेलो. मामींना काही सांगितले नव्हते. त्या घरी गादीवर धुतलेली चादर घालत होत्या. रस्ताभर मामा मांडीवर हात ठेवून बसले होते. एकदाच म्हणाले, "चौकीवर शुद्धिपत्रक पोचायला वेळ लागत असेल, नाही?"

"टपालानं लागेल," मी म्हणालो.

ते तारेने पोचले होते. चौकीच्या भिंतीवर चिकटवलेले होते.

दोन फाटके होती, आपले आणि त्यांचे, आणि मध्ये डांबरी रस्त्याचा रिकामा तुकडा. पलीकडच्या फाटकाशी लेक उभी होती, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलगा. मुलाच्या कानात कापूस होता. शिपाई भला होता. त्याने दोघांनाही फाटकापाशी उभे राहून बोलू दिले. तेवढ्या अंतरावरून ओरडूनच बोलावे लागत होते.

"बाबा, हे म्हणतात कलम नाही म्हणून."

"काढलं."

"कधी?"

"काल."

ती म्हणाली, "आई आलीय?"

"घरी आहे. तुझी गादी घातलीय."

"हे कोण?" मुलाने तिला विचारले. ते आम्हाला ऐकू आले.

"आजोबा."

"मग ते इकडे का येत नाहीत?"

लेकीने पिशवीतून शाल काढून दाखवली, निळी होती. ती अलीकडे पाठवता येईल का म्हणून शिपायाला विचारले. त्याने मान हलवली. वस्तूंनाही बंदी होती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तेव्हाच निघायला हवं होतं. या शालीपायी बसले मी."

मामांनी फाटकाचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटले, आता सांगतील.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझं काही नाही चुकलं. त्याचा कान दाखव डॉक्टरला."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. ते रडले वगैरे नाहीत. घरी मामींना त्यांनी काय सांगितले, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी गॅलरीत गादी उन्हात नव्हती, आणि दांडीवर नुसती चादर वाळत होती.

त्यानंतर मामा निवृत्त होईपर्यंत मुदतवाढ दर वर्षी त्यांच्याच हातून गेली. नवा फर्मा पुन्हा फळीवर बसला. पण आता ते मागचा अंक समोर ठेवून ओळीवर बोट फिरवत तो सबंध वाचून काढत, सुलट्या बाजूने. कँटीनमध्ये दुसऱ्याचा पेपर वाचणेही त्यांनी सोडले. हाताखालच्या शिकाऊ मुलांच्या हातून चूक झाली तर भुवया वर जात नसत, नुसते म्हणत, "काढ आणि दुसरा घाल." पोरांना हे नवे मामा जास्त आवडत. मला जुने आवडायचे.

मामा निवृत्त झाले, खिळे भंगारात गेले, छापखान्यात संगणक आले. आणीबाणी आणखी काही वर्षे चालली. ती संपली तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण बंद करायला काही छापावे लागत नाही. त्या वर्षी मुदतवाढीची चिठ्ठी आली नाही, एवढेच. मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मामांच्या घरी जाऊन सांगितले.

"नक्की?" त्यांनी विचारले. "राजपत्र वाचलंत?"

"वाचलं. नाहीये."

"पुन्हा एकदा वाचा उद्या," ते म्हणाले.

लेक आली. बरोबर मुलगा. तो मामांपेक्षा उंच झाला होता आणि ओठांवर मिसरूड होते. आपली भाषा त्याला जेमतेम यायची. आजीला तो 'आपण' म्हणत होता, दुकानात अनोळखी बाईशी बोलावे तसे. मामींनी त्याच्यासाठी रंगाच्या पेट्या, चेंडू असले काही काही वर्षानुवर्षे जमवून ठेवले होते. त्याने ते सगळे नीट हातात घेतले, प्रत्येकाला आभार म्हणाला आणि टेबलावर रांगेत ठेवले. मामी ती रांग बघत बसल्या. लेकीने आणलेली शाल त्यांनी पांघरली, पण ती निळी नव्हती. निळी केव्हाच विरून गेली होती.

आठवड्याने ते निघाले. बसस्थानकावर मीही गेलो होतो. मुलगा सामान चढवत होता. मामी त्याच्यामागे उभ्या राहून "हळू, हळू" म्हणत होत्या. बाकावर लेक, मामा आणि मी.

लेक म्हणाली, "बाबा, मला अजून ते फाटक डोळ्यांपुढे येतं. तुम्ही घसा फोडून सांगत होता आज नीघ म्हणून, आणि मी शाल शाल करत बसले. तेव्हाच निघाले असते तर हा इथे वाढला असता. आजीशी असा परक्यासारखा बोलला नसता. आईकडे बघवत नाही मला."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तोंड उघडले.

"छकू," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"रस्त्यात खायला काही घेतलंस का?"

"आहे की."

"संत्री घेतो," असे म्हणून ते उठले. मी त्यांच्याबरोबर फळांच्या गाडीपाशी गेलो. फळवाला संत्री निवडून देत होता, आणि मामा त्याने निवडलेली प्रत्येक बाजूला ठेवून दुसरी उचलत होते.

मी हळूच म्हणालो, "मामा, आता तरी सांगा. ती उगीच स्वतःला लावून घेतेय."

"काय सांगू? चार दिवस दार उघडं होतं, ते मीच उघडलं होतं, आणि तुला मात्र नुसतं 'लवकर ये' म्हणालो?" ते पिशवीत संत्री भरत होते. "पुढच्या खेपेला सांगीन."

मागे बसने हॉर्न दिला. मामांनी खिसे चाचपले. पाकीट मामींजवळ राहिले होते. संत्र्यांचे बारा मी दिले. लेक खिडकीतून हात हलवत गेली. ती पुन्हा आलेली नाही. तिकडे जावयाची तब्येत बरी नसते.

ते बारा मामांकडून अजून यायचे आहेत.